आईकडची वंशावळ : बांबूच्या हरितलवकाने काय सांगितलं, काय राहिलं

सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, घरामागच्या परड्यात माणग्याची बेटं दिसतात. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सरळसोट वाढणारा हा बांबू. आजोबा त्याला माणगा म्हणत होते, नातूही माणगाच म्हणतो. वनस्पतिशास्त्राने मात्र दीडशे वर्षांत त्याचं आडनाव दोनदा बदललं. १८६८ साली विल्यम मन्रो या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने जगभरच्या बांबूंवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात या बांबूला त्याने ऑक्सिटेनॅन्थेरा या प्रजातीत बसवलं. १९९१ साली तो स्यूडॉक्सिटेनॅन्थेरात गेला. २००४ साली तो डेंड्रोकॅलॅमसमध्ये, म्हणजे विदर्भातल्या मानवेलाच्या घरात आला. 'स्टॉक्सी' हे जातीचं नाव तेवढं टिकलं.

प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव, असं धरलं तर हा सगळा खटाटोप आडनावाचा आहे. आणि आडनाव बदलणं म्हणजे नातं बदलणं. हा बांबू कुणाचा भाऊ, कुणाचा चुलत भाऊ, याचं उत्तर तीनदा वेगवेगळं दिलं गेलं. बांबूंच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. जगात बांबूंच्या सोळाशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी जातींनी अशी घरं बदलली आहेत.

गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या वादात एक नवा साक्षीदार उभा राहिला: पानातल्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम. हा साक्षीदार चोख आहे, पण त्याने एकच बाजू पाहिली आहे. त्याची साक्ष कुठपर्यंत धरायची, हा या आढाव्याचा विषय.

फुलाची वाट पाहणारं शास्त्र

लिनिअसपासून वनस्पतींचं वर्गीकरण फुलावर उभं आहे. आंब्याचा मोहोर दरवर्षी हाताशी येतो. बांबूचं फूल एका अभ्यासकाच्या उभ्या हयातीत एकदा दिसलं तरी नशीब. मिझोराममधला मेलोकॅना साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला, बियांवर उंदीर माजले, पिकं गेली आणि दुष्काळ पडला. पुढचा फुलोरा २००६ ते २००८ मध्ये आला. जपानमधल्या एका फायलोस्टॅकिस जातीचं चक्र तर सुमारे १२० वर्षांचं मानलं जातं. आपला काटेरी कळक चाळीस-पन्नास वर्षांनी फुलतो आणि फुलून मरतो.

त्यामुळे वर्गीकरण करणाऱ्यांना कोंबावरचं आवरण, त्याच्या टोकाचं पातं, पेरावरच्या फांद्यांची संख्या, कंदाची वाढ अशा खुणांवर काम भागवावं लागलं. या खुणा उपयोगी आहेत, पण फसव्याही. माती, पाणी, सावली बदलली की त्या थोड्या बदलतात, आणि दूरच्या दोन घराण्यांत सारखीच खूण स्वतंत्रपणे उगवू शकते.

लांबलेल्या फुलोऱ्याचा आणखी एक परिणाम आहे. जनुकांत बदल साठतात ते बहुतांशी पिढ्यांच्या हिशेबाने. हजार वर्षांत भाताच्या हजारभर पिढ्या होतात, मेलोकॅनाच्या जेमतेम एकवीस. म्हणून काष्ठमय बांबूंच्या जनुकांत बदल फार सावकाश होतात. दोन जाती वेगळ्या होऊन लाखो वर्षं गेली तरी त्यांच्यातला फरक मूठभर अक्षरांचा असू शकतो. २००९ साली वनस्पतींच्या ओळखीसाठी आरबीसीएल आणि मॅटके या हरितलवकातल्या दोन तुकड्यांचा 'बारकोड' जगभर सुचवला गेला. पुष्कळ वनस्पतींना तो चालतो. जवळच्या बांबूंमध्ये मात्र दोन जातींचा तुकडा अक्षरशः सारखा निघतो. दोन तुकडे पुरत नसतील तर अख्खा जीनोमच वाचायला हवा, ही गरज इथून निर्माण झाली.

पानातलं छोटं पुस्तक

अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशावर अन्न करणारा सायनोबॅक्टेरिया पोटात घेतला आणि तो तिथेच राहिला. तेच आजचं हरितलवक. त्याने बरीच जनुकं केंद्रकाच्या स्वाधीन केली, पण थोडी स्वतःकडे ठेवली. त्या शिल्लक वहीला आपण हरितलवकाचा जीनोम म्हणतो.

बांबूत या वहीची लांबी सुमारे १ लाख ३९ हजार अक्षरं आहे. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. वहीची मांडणी ठरलेली असते. सुमारे ८३ हजार अक्षरांचा एक मोठा भाग, सुमारे १३ हजारांचा एक लहान भाग, आणि दोघांच्या मध्ये सुमारे २२ हजार अक्षरांचा एक उतारा दोनदा, दुसऱ्या वेळी उलट दिशेने लिहिलेला. मोसो बांबूचा केंद्रकातला जीनोम २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे २०० कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे हरितलवकाच्या वहीपेक्षा जवळपास पंधरा हजार पटींनी मोठा. त्यात पूर्वजांच्या दुहेरी-तिहेरी प्रती मिसळलेल्या असतात. त्यापुढे ही वही वाचायला किती सोपी, ते उघड आहे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. कोवळं, निरोगी पान खुडून सिलिका जेलच्या दाण्यांत पुरतात. निळे दाणे पानातलं पाणी ओढून गुलाबी पडतात आणि पान एका दिवसात पापडासारखं कडक होतं. प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजन ओतून ते खलात कुटतात, पिठी करतात आणि त्यातून डीएनए वेगळा करतात. पानाच्या एका पेशीत हरितलवकं डझनावारी असतात आणि प्रत्येकात वहीच्या अनेक प्रती. त्यामुळे केंद्रकातल्या पुस्तकाच्या मोजक्या प्रतींशेजारी या वहीच्या हजारो प्रती पडलेल्या असतात. यंत्र डीएनएचे दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचत जातं. वरवरच्या वाचनातही हरितलवकाचे तुकडे इतके मिळतात की, एकाच पोथीच्या असंख्य फाटक्या प्रतींमधून एक अखंड पोथी जुळवावी, तसा पूर्ण जीनोम जुळतो.

हे तंत्र एका दिवसात आलं नाही. तंबाखू आणि मार्कांशिया नावाची शेवाळासारखी एक वनस्पती, यांचे हरितलवक-जीनोम १९८६ साली पहिल्यांदा पूर्ण वाचले गेले. १९८९ मध्ये भाताचा आला: १ लाख ३४ हजार ५२५ अक्षरांचा. बांबूची पाळी २००९ साली आली. तैवानच्या संशोधकांनी बॅम्बुसा ओल्डहॅमी आणि डेंड्रोकॅलॅमस लॅटिफ्लोरस हे दोन जीनोम प्रसिद्ध केले. एकाची लांबी १,३९,३५० अक्षरं, दुसऱ्याची १,३९,३६५. दोन वेगळ्या प्रजाती, आणि लांबीत फरक फक्त १५ अक्षरांचा. लांबी सारखी म्हणजे मजकूर सारखा असं नव्हे. पण बांबूची ही वही किती जपून नकलली जाते, ते या दोन आकड्यांत दिसतं. २०११ मध्ये चीनमधल्या कुनमिंग वनस्पतिशास्त्र संस्थेच्या गटाने एकदम सहा काष्ठमय बांबूंचे जीनोम दिले, आणि तिथून हे काम पसरलं.

तीन घराणी आणि एक धक्का

बांबू हे गवताच्या कुलातलं उपकुल आहे. त्याची जवळची भावंडं म्हणजे भाताचं उपकुल आणि गहू-जवाचं उपकुल. ही तिन्ही उपकुलं एका फांदीवर आहेत, हे हरितलवकाने पक्कं केलं. ताटातला भात, पोळी आणि अंगणातलं सूप एका घराण्यातले आहेत, हे आता ठामपणे सांगता येतं.

बांबूंच्या आत तीन मोठे गट आहेत. पहिला समशीतोष्ण काष्ठमय बांबूंचा: चीन, जपान, हिमालय, तसंच दक्षिण भारत, श्रीलंका आणि आफ्रिका इथले काही उंच डोंगर, यात पाचशेहून अधिक जाती आहेत. दुसरा उष्ण प्रदेशातल्या काष्ठमय बांबूंचा: आपला कळक, मानवेल, माणगा आणि दक्षिण अमेरिकेतला ग्वाडुआ त्यात येतात. तिसरा गट ओलायरींचा. हे मऊ देठाचे, बहुतेक गुडघा-कंबरेएवढे बांबू मुख्यतः अमेरिकेतल्या वर्षावनांच्या सावलीत वाढतात आणि फुलण्यासाठी पन्नास वर्षं थांबत नाहीत.

कुणालाही वाटेल की दोन्ही काष्ठमय गट सख्खे असतील आणि मऊ बांबू लांबचे. खोड लाकडासारखं, फांद्यांची रचना गुंतागुंतीची, फुलोरा एकगठ्ठा: इतकं साम्य उगीच कसं येईल? हरितलवकाने उलटंच सांगितलं. २००९ पासून हरितलवकातल्या काही तुकड्यांवरून, आणि २०१५ साली अमेरिकेतल्या मेल्व्हिन ड्युव्हॉल व लिन क्लार्क यांच्या गटाने पूर्ण जीनोमवरून जो वृक्ष मांडला, त्यात समशीतोष्ण गट आधी एकटा बाजूला निघतो. उष्ण प्रदेशातल्या काष्ठमय बांबूंचं जवळचं नातं निघतं ते मऊ, बुटक्या ओलायरींशी.

मग लाकडी खोड बांबूंत दोनदा स्वतंत्रपणे आलं का? की एकदाच आलं आणि ओलायरींनी ते सोडून दिलं? हरितलवकाच्या वृक्षावर बसून या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नव्हतं. कारण साक्षीदाराने अर्धंच घर पाहिलं होतं.

बापाकडची बाजू

आपल्याकडे जमिनीच्या कामासाठी वंशावळ काढतात तेव्हा पूर्वीच्या कागदांत बहुधा बाप, आजोबा, पणजोबा अशी एकच ओळ सापडते. आजीचं माहेर कोणतं, ते त्या कागदावर नसतं. हरितलवकाची वंशावळ याच्या बरोबर उलटी आहे. गवतकुलात हरितलवक सहसा आईकडूनच येतं, परागकणातून येत नाही. म्हणून ही वंशावळ आई, आजी, पणजी अशीच मागे जाते. दोन जातींचा संकर झाला तर संततीच्या केंद्रकात दोघांचा वारसा असतो, हरितलवकात फक्त आईचा. पुढे ही संतती पिढ्यानपिढ्या बापाच्या घराण्याशी संकर करत राहिली, तर केंद्रक जवळजवळ पूर्ण बापाचं होतं. हरितलवक मात्र त्या जुन्या आईचंच राहतं.

बांबूंच्या इतिहासात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. मऊ बांबू साधे द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांच्या दोन संचांचे आहेत. समशीतोष्ण बांबूंची ४८ गुणसूत्रं चार संचांची, तर आशियातल्या उष्ण प्रदेशातल्या काष्ठमय बांबूंची सत्तरीच्या आसपास जाणारी गुणसूत्रं सहा संचांची आहेत. हे वाढीव संच वेगवेगळ्या पूर्वजांच्या संकरातून आले, हे २०१४ मध्ये केंद्रकातल्या काही जनुकांवरून दिसलं. २०१९ मध्ये कुनमिंगच्या गटाने दोन मऊ आणि दोन काष्ठमय बांबूंचे केंद्रकातले जीनोम वाचून चित्र स्पष्ट केलं. काष्ठमय बांबू चार नामशेष द्विगुणित पूर्वजांपासून आले. त्या प्रत्येक पूर्वजाकडून आलेल्या दोन-दोन संचांना मिळून ए, बी, सी, डी अशी नावं दिली गेली. समशीतोष्ण बांबूंत सी आणि डी, अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातल्यांत बी आणि सी, आणि आशियातल्यांत ए, बी आणि सी. सी हा संच तिन्हींत आहे.

इथे कोडं सुटायला लागतं. दोन्ही काष्ठमय गटांचं आईकडचं घराणं वेगळं, म्हणून हरितलवकाने त्यांना दूर ठेवलं. पण केंद्रकात त्यांचा एक पूर्वज सामाईक आहे, आणि ते दिसण्या-वागण्यात इतके सारखे का, याचा धागा तिथे सापडतो. २०२४ साली आणखी अकरा बांबूंचे केंद्रकातले जीनोम प्रसिद्ध झाले. कोणत्या पूर्वजाचा संच वरचढ राहतो, हे गटागणिक बदलत गेलं, असं त्यातून पुढे आलं. हरितलवकाची साक्ष खरीच ठरली. आपण तिला नको तो प्रश्न विचारत होतो.

जवळच्या नात्यांतला गुंता

मोठ्या फांद्यांचं असं झालं, तर बारीक डहाळ्यांचं काय? समशीतोष्ण गटात हरितलवकाने एक मोठं काम केलं. त्याने पाचशेहून अधिक जाती बारा वंशशाखांत वाटल्या. त्यातली बारावी शाखा २०१४ मध्ये श्रीलंकेतल्या डोंगरी बांबूंवरून पुढे आली आणि त्यातून कुरुना ही नवी प्रजाती मांडली गेली. डोळ्यांना हे बांबू इतर डोंगरी बांबूंसारखेच वाटत होते. त्यांचं वेगळेपण हरितलवकातल्या तुकड्यांनी दाखवलं.

पण नंतर याच गटातल्या जातींचे केंद्रकातले हजारो तुकडे वाचले गेले, तेव्हा दोन वृक्ष जुळेनात. हरितलवकाने एका शाखेत टाकलेल्या जाती केंद्रकाने दुसरीकडे नेल्या. बारा शाखा म्हणजे बारा नैसर्गिक घराणी, असं मानणं चूक होतं. त्या बारा आई-ओळी होत्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या गटाचा इतिहास झपाट्याने फुटलेल्या फांद्यांचा आणि पुन्हापुन्हा झालेल्या संकरांचा असल्याचं दाखवलं. वृक्षापेक्षा जाळ्याचं चित्र तिथे जास्त जुळतं.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा गुंता बॅम्बुसा, डेंड्रोकॅलॅमस आणि जायगँटोक्लोआ या तीन प्रजातींचा आहे. उष्ण आशियातले उपयोगाचे बहुतेक बांबू यांत येतात आणि त्यांच्या सीमा कुठेच नीट जुळत नाहीत. मलेशियात डेंड्रोकॅलॅमस आणि जायगँटोक्लोआ यांचा नैसर्गिक संकर नोंदवला गेला आहे. माणसानेही हे बांबू देशोदेशी हलवले, शेजारी लावले. तिथे एका जातीचं हरितलवक दुसऱ्या जातीत शिरलेलं असू शकतं. माणग्याचं आडनाव ठरवायचं तर याच चक्रव्यूहात शिरावं लागतं.

अपवादही ध्यानात ठेवावेत. डीएनएचे तुकडे हरितलवकातून बाहेर जातात, हे वनस्पतींत नेहमी दिसतं. परियाना या मऊ बांबूत मात्र सूत्रकणिकेतला (मायटोकॉन्ड्रियातला) एक तुकडा हरितलवकात शिरलेला सापडला. इतकी जपून नकललेली वहीही बाहेरच्या मजकुराला पूर्ण बंद नाही.

काम करताना कुठे चुकतं

आज एका बांबूचा हरितलवक-जीनोम वाचून दोन पानांचं टिपण प्रसिद्ध करणं सोपं झालं आहे. ठरावीक साच्यात लांबी, जनुकांची संख्या आणि वीस-पंचवीस जातींचा एक वृक्ष द्यायचा. शेवटी लिहायचं की आमची जात अमुक जातीच्या सर्वांत जवळ आहे. हे वाक्य वाचताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. लग्नाला पंचवीस पाहुणे आले, म्हणून नातेवाईक पंचवीसच ठरत नाहीत. ज्या जातींचे जीनोम वाचलेले नाहीत त्या वृक्षावर येतच नाहीत, आणि खरी सख्खी बहीण त्यांच्यातच असू शकते. चीनमधल्या जातींचं वाचन भरपूर झालं आहे. पश्चिम घाटातल्या जाती या मांडवात अजून फार कमी दिसतात. तोवर 'सर्वांत जवळची' याचा अर्थ 'आलेल्यांपैकी जवळची' एवढाच घ्यावा.

दुसरी चूक त्याहून महाग पडते. जीनोम अचूक, पण पान भलत्याच बांबूचं. बांबूत हे सहज घडतं, कारण फुलाविना ओळख पटवणारी माणसं थोडी. एकदा चुकीच्या नावाने जीनोम संग्रहात गेला की पुढचे सगळे वृक्ष त्यावर उभे राहतात. म्हणून ज्या बेटाचं पान घेतलं त्याच बेटाची फांदी, कोंबावरचं आवरण आणि शक्य तर फूल सुकवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवणं हा या कामाचा पाया आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा, मुंबईत सेंट झेवियर्समधला ब्लॅटर संग्रह आपल्याजवळ आहेत. त्यांतला एक जुना कागद चुकीचा जीनोम पकडू शकतो.

माणग्याकडे परत

नावाचा हा वाद पुस्तकी नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू 'झाड' या व्याख्येत होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायलाही परवान्याचा प्रश्न येई. २०१७ मध्ये कायदा दुरुस्त होऊन वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. वर्गीकरणातला एक शब्द शेतकऱ्याच्या बैलगाडीपर्यंत पोहोचतो. रोपवाटिकेतही तेच. बोटभर रोपं सगळी सारखी दिसतात. भरीव बांबूचे पैसे देऊन पोकळ बांबू लागला, हे शेतकऱ्याला चार-पाच वर्षांनी कळतं. तिथे दोन तुकड्यांचा बारकोड अपुरा पडला तरी पूर्ण हरितलवक-जीनोम बऱ्याच जाती वेगळ्या ओळखू शकतो.

त्याची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. माणग्याला बी क्वचितच धरतं. त्याची लागवड मुख्यतः काठीच्या पेरांवरून आणि कंदांवरून होते. म्हणजे पुष्कळ बेटं एकाच जुन्या आईचे तोडलेले हात आहेत. त्यांच्या हरितलवकात फरक जवळजवळ नसणार. चांगलं बेट कोणतं, हे तिथे ते सांगू शकणार नाही. ते काम केंद्रकातल्या खुणांचं आणि बेट वर्षानुवर्षं पाहणाऱ्या शेतकऱ्याचं.

आडनावाच्या प्रश्नात मात्र हरितलवकाने सुरुवात करावी. माणगा, मानवेल, कळक आणि घाटातले त्यांचे शेजारी यांचे जीनोम शेजारी ठेवले की माणग्याची आई-ओळ कोणत्या घरातून आली, ते कळेल. मग त्याच पानांतून केंद्रकातली जनुकं वाचावीत. दोन्ही वृक्ष जुळले तर नाव पक्कं. नाही जुळले, तर तो न जुळणाराच भाग सर्वांत मोलाचा; कारण कधीकाळी कोणत्या दोन घराण्यांची गाठ पडली, ते त्यातून दिसेल.

त्यासाठी लागणारी पहिली गोष्ट साधी आहे. सिंधुदुर्गातल्या एका बांधावरचं कोवळं पान सिलिकाच्या पुडीत, त्याच बेटाची फांदी कागदावर, आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख, गाव, आणि ज्याच्या परड्यातून ती घेतली त्या माणसाच्या तोंडचं नाव: माणगा. शास्त्रीय नाव लिहायची जागा तूर्त पेन्सिलीने भरावी.